बोट लागते का?

मास्तरांच्या कापायच्या टेबलावर त्या सोमवारी कापड नव्हतंच. खाकी कागदाचा भला मोठा ताव पसरलेला होता, त्याच्या दोन कोपऱ्यांवर इस्त्र्या आणि दोन कोपऱ्यांवर कात्र्या ठेवलेल्या होत्या, आणि मास्तर निळ्या खडूनं त्यावर रेल्वे आखत होते. जिथे रेल्वे संपे तिथून पांढऱ्या खडूनं बोट सुरू होई. दारात आलेलं गिऱ्हाईक आधी कागदाकडे बघे, मग मास्तरांकडे, आणि मग जरा चाचरतच विचारी, "मास्तर, माझा कोट?"

"परवा. परवा नक्की," मास्तर मान वर न करता सांगत.

आता आपल्या भाषेत परवा हा शब्द मागेही चालतो आणि पुढेही. मास्तरांचा परवा नेमका कुठल्या बाजूचा, हे त्या गल्लीत तीस वर्षांत कुणालाच कळलेलं नव्हतं. पण मास्तरांच्या हाताला गुणच असा होता, की कोट अंगावर चढला की गिऱ्हाईक मागचे सगळे हेलपाटे विसरून जाई. गिऱ्हाइकं विसरत. बहीण मात्र विसरायला तयार नव्हती.

बहीण म्हणजे थोरली बहीण, आक्का. एकवीस वर्षांपूर्वी ती एका बेटावरच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेली आणि तिथलीच होऊन राहिली. पै पै जमवून तिनं तिथं स्वतःचं चार खोल्यांचं घर बांधलं. दर वर्षी ती फोनवर विचारायची, "छोट्या, माझं घर बघायला कधी येतोस?" आणि चोपन्न वर्षांचा छोट्या दर वर्षी सांगायचा, "येतो की! एवढे शाळेचे गणवेश हातावेगळे होऊ देत." आक्का स्वतः दोनदा येऊन गेली, मास्तर काही गेले नाहीत. या वेळी मात्र तिनं आवाजच चढवला.

"येत्या शुक्रवारी साठ पूर्ण होतायत मला. आलास तर भाऊ. नाहीतर नुसता टेलर."

नुसता टेलर! मास्तरांच्या ते फार जिव्हारी लागलं. दोन दिवस त्यांच्या मशीनचा दोरा सारखा तुटत होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप ठोकलं आणि थेट स्टेशन गाठलं.

"सुटं तिकीट?" खिडकीतल्या बाई हसल्याच. "सुट्ट्यांचे दिवस आहेत हो. रेल्वेचं सहा दिवस नाही, बोटीचं आठ दिवस नाही."

"अहो, पण मला शुक्रवारी पोचायचंच आहे. बहिणीचा प्रश्न आहे."

"मग जोडतिकीट घ्या की. त्याच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात."

आणि बाईंनी जोडतिकीट म्हणजे काय ते समजावून सांगितलं. रेल्वे आणि बोट एकाच तिकिटावर. सात दिवस चालतं. वाटेत वाटेल तिथं उतरा, हिंडा, फिरा, मागून येणारी गाडी पकडा, बोट पकडा. अट एकच, पुढे जायचं, मधूनच मागे फिरायचं नाही. शेवटचं ठिकाण आलं की मगच परतीचं पान सुरू.

मास्तरांच्या अंगावर रोमांचच उभे राहिले. रेल्वेला बोट जोडायची आणि शिवण दिसू द्यायची नाही! हे तर सगळं त्यांच्याच धंद्यातलं निघालं. तीन तिकिटं घेऊन ते वळणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक करा. त्या शेवटच्या बेटावर धक्क्याचं काम निघालं होतं. तिथं हल्ली बोट लागते की नाही, तेवढं तिथल्या कुणाला तरी विचारून घ्या."

"त्यात काय, बहिणीलाच विचारतो," मास्तर म्हणाले आणि घरी जवळजवळ पळत आले.

घर म्हणजे दुकानाच्या मागच्या दोन खोल्या. मास्तरीणबाई शर्टाला बटणं लावत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली.

"वाटेत कुठंही उतरता येतं?"

"कुठंही!"

"म्हणजे मी दीपगृह बघू शकते? आतून? वरपर्यंत चढून?"

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण बाईंना दीपगृहात चढायचं आहे हे मास्तरांना आजच कळलं. त्यांनी खडू उचलला आणि पांढऱ्या रेघेवर एक गोल काढला. "झालं समज! वाटेतच आहे. आणि त्याच्या आधी बटणांचा घाऊक बाजार! अगं, तिथं शिंपल्याची बटणं वजनावर मिळतात म्हणे!"

"तिसरं तिकीट कुणाचं?" आतल्या खोलीतून आवाज आला. हा आवाज मास्तरांच्या सासूबाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू येण्यात काडीचाही दोष नाही.

"तुमचंच, आई. पण तुम्हाला गाडी लागते ना..."

"लागते तर लागू दे! मी कुठं नको म्हणतेय तिला?" सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पिशवी भरलेली होती. ती त्यांनी कधी भरली, कुणास ठाऊक.

मग काय विचारता! कागदावर गावं वाढत गेली. बटणांचं गाव अडीच तास. बंदराच्या गावी मुक्काम. दीपगृह दोन तास. मग मधलं बेट, तिथं बोट नुसती दहा मिनिटं थांबते, उतरायचं नाही. आणि मग आक्का! कोटाला आत कापड सोडतात तसं प्रत्येक ठिकाणी मास्तरांनी थोडं थोडं वेळेचं कापड सोडलं होतं. गिऱ्हाइकाला कधी सांगितलेल्या दिवशी माल न देणारा माणूस, पण रेल्वेची मिनिटं कशी चोख बसवली होती.

मंगळवारी त्यांनी आक्काला फोन लावला. लाइनवर खरखर होती, आणि शेजारी मास्तरीणबाई गणवेशांच्या शेवटच्या गठ्ठ्यावर मशीन सुसाट सोडून बसल्या होत्या.

"आक्का, एक सांग मला. बोट लागते का गं?"

आता मास्तरांना विचारायचं होतं, की बोट तुझ्या धक्क्याला येते का. पण आक्का पडली नर्स. लागते का म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे मळमळ आणि उलट्याच येणार.

"कुणाला, मला?" ती म्हणाली, पण तेवढे दोन शब्द मशीननं खाल्ले. "छे रे! एकवीस वर्षांत एकदासुद्धा लागली नाही!"

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "एकदासुद्धा नाही?"

"अगदी शपथेवर सांगते. का रे, तुमच्याकडे लागते का?"

"आमच्या बाजूला? रोज! दिवसातून चार वेळा!"

"अगं बाई! चार वेळा?"

"सकाळी सातला पहिली. आणि एकदा लागली, की अर्धा अर्धा तास हलायचं नाव नाही."

बोटीत पाय न ठेवता दिवसातून चार वेळा! चाळीस वर्षांच्या नोकरीत आक्काला असा पेशंट भेटला नव्हता. "आणि हे कधीपासून?" तिनं अगदी हळू आवाजात विचारलं.

"कधीपासून म्हणजे? आजोबांच्या वेळेपासून आहे हे."

"म्हणजे घराण्यातच आहे," आक्का म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला होता. "मी तेवढी कशी सुटले कोण जाणे. आणि छोट्या, इतकी वर्षं तू मला एका शब्दानं बोलला नाहीस?"

"तू कधी विचारलंच नाहीस!"

"माझंच चुकलं रे. आता तू उगाच त्रास काढून..." आणि फोन तुटला.

मास्तरांनी रिसीव्हर ठेवला. मशीन थांबली.

"काय म्हणाल्या?"

"तिच्या बेटावर बोट लागत नाही. एकवीस वर्षांत एकदाही लागलेली नाही."

"मग वन्सं तिथं गेल्या कशा?"

"तोच तर प्रश्न आहे!" मास्तर कागदाभोवती दोन फेऱ्या मारून आले आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. "कळलं! मोठी बोट लांब पाण्यातच उभी राहत असणार, आणि माणसं दोरानं खालच्या होडीत सोडत असणार! म्हणून ती म्हणाली, त्रास काढून!"

"अहो, परत एकदा नीट विचारून घ्या ना."

"अजिबात नाही. ती म्हणेल, झालं, याची कारणं सुरू झाली. नुसता टेलर तो नुसता टेलरच. दोरानं तर दोरानं, आपण जाणार!"

मास्तरीणबाईंनी आईकडे बघितलं. आईचे डोळे चमकत होते.

"मला दोरानं सोडणार?" सासूबाईंनी विचारलं. "खरंच?"

तासाभरात मास्तरांनी दप्तरांसाठी आणलेलं जाड कॅनव्हास टेबलावर ओढलं. सासूबाईंचं माप घेतलं. खांदा, कंबर, मांडी, सगळं. खांद्यावरून दोन रुंद पट्टे, कमरेला तिहेरी शिलाई, खाली बसायला खोळ, आणि पाठीवर दोन पितळी कड्या. कोटाला सहा महिने लावणाऱ्या माणसानं ती झोळी एका दुपारीत उभी केली. सासूबाईंनी खिसा मागितला, तोही लावून दिला.

"ट्रायल घ्यायला हवी," मास्तर म्हणाले. हे त्यांना कापडाच्या बाबतीत सुचायला हवं होतं, पण असो.

दुकानात माळ्यावर कापडाचे गठ्ठे चढवायला एक कप्पी होती. तिच्यात दोर ओवला, दोराला कड्या, कड्यांना झोळी, झोळीत सासूबाई. मास्तर आणि मास्तरीणबाई दोघांनी मिळून ओढलं, आणि सासूबाई अलगद वर गेल्या. जाताना म्हणाल्या, "अजून. अजून जरा घ्या वर."

अजून जरा घेतलं आणि कप्पी अडकली.

आता त्या खालीही येईनात आणि वरही जाईनात. मास्तरांना घाम फुटला. मास्तरीणबाई शिडी शोधायला मागे धावल्या. सासूबाई मात्र छताजवळ अगदी मजेत होत्या. "जावईबापू, इथून सगळं दुकान दिसतं हो! कपाटावर केवढी ही धूळ! आणि तो निळा कोट कुणाचा, तिथं मागं पडलाय?"

नेमका त्याच वेळी निळ्या कोटाचा मालक दारात आला. "मास्तर, माझा को..." त्यानं वर बघितलं आणि त्याचं वाक्य तसंच राहिलं.

"परवा नक्की!" सासूबाईंनी वरूनच सांगितलं.

शेवटी त्या बिचाऱ्यालाच शिडीवर चढावं लागलं. त्यानं कप्पी सोडवली, सासूबाई उतरल्या, आणि मास्तरांनी शरमेनं त्याचा कोट तासाभरात पुरा करून दिला. गल्लीत ही बातमी झोळीच्या बातमीपेक्षा जास्त पसरली.

गुरुवारी पहाटे तिघं निघाले. आणि काय सांगावं, सगळं कसं आखल्याबरहुकूम झालं! गाडी वेळेवर. बटणांच्या बाजारात मास्तर अडीच तास लहान मुलासारखे हरखून हिंडले आणि दोन किलो शिंपली बटणं घेऊन आले. सासूबाईंना गाडी लागली नाही. "कुणी दोरानं सोडणार म्हटलं की बाकीचं काही लागत नाही," त्या म्हणाल्या. शुक्रवारी सातच्या बोटीनं दीपगृह. मास्तरीणबाई एकशे बारा पायऱ्या न थांबता चढल्या आणि वर जाऊन, सव्वीस वर्षांत कधी ऐकू आली नव्हती अशी आरोळी ठोकली. खाली उभ्या असलेल्या मास्तरांनी टोपी काढून हलवली. त्यांना उगाचच भरून आलं.

दहाच्या बोटीत चढल्याबरोबर सासूबाईंनी झोळी अंगात चढवली. "आयत्या वेळी घाई नको," त्या म्हणाल्या. लोक बघत होते. त्यांनी खिशातून पेपरमिंट काढून लोकांना वाटली.

बाराच्या ठोक्याला मधलं बेट आलं. बेट कसलं, एक लांब धक्का, एक चहाची टपरी आणि एक तिकिटाची खिडकी. धक्क्याच्या एका अंगाला जाणारी बोट लागे, दुसऱ्या अंगाला येणारी, आणि दोन्ही दहा मिनिटांत आपापल्या वाटेनं निघून जात. मास्तर कठड्याला टेकून समोरच्या बोटीकडे सहज बघत होते. समोरच्या कठड्याला टेकून एक बाई त्यांच्याकडे सहज बघत होती. तिच्या खांद्याला दवाखान्याची पांढरी पिशवी होती.

"आक्का!"

"छोट्या!"

"तू कुठं चाललीस?"

"तुझ्याकडे! तू कुठं?"

"तुझ्याकडे!"

"अरे, मग थांब तिथंच!"

थांबतोय कोण! मास्तर फळीवरून धडधडत उतरले, धक्का ओलांडला आणि समोरच्या बोटीवर चढले. तेवढ्यात आक्का दुसऱ्या फळीवरून उतरून या बोटीवर चढली. आता मास्तर तिकडच्या कठड्याला आणि आक्का इकडच्या.

"अगं, उतर!"

"तू उतर! नाहीतर राहा तिथंच, मी येते!"

"मी येतो!"

पुन्हा दोघंही पळाले. भोंगा वाजला. धक्क्यावरच्या मुकादमानं असले प्रकार पुष्कळ बघितले असावेत. त्यानं दोन्ही हात आडवे करून दोघांना धक्क्याच्या मधोमध अडवलं आणि खलाशांना ओरडून सांगितलं, "यांची माणसं आणि सामान खाली घ्या रे!" मास्तरीणबाई दोन पिशव्या आणि दोन किलो बटणं सांभाळत उतरल्या. सासूबाईंना घाई जमेना, तेव्हा दोन खलाशांनी पाठीवरच्या पितळी कड्यांना धरून त्यांना उचललं आणि अल्लद धक्क्यावर ठेवलं. माप अगदी चोख बसलं होतं. दोन्ही बोटी निघून गेल्या.

आक्कानं सासूबाईंच्या अंगावरचे पट्टे बघितले आणि तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई! बांधून आणावं लागलं यांना? इतकी लागते?" पिशवीतून गोळ्या निघाल्या, औषधाची बाटली निघाली. सासूबाईंचे डोळे ताणून झाले, जीभ बघून झाली. मग ती भावाकडे वळली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"छोट्या, मला माफ कर. तुला टाकून बोलले मी. तुला बोट लागते हे मला ठाऊकच नव्हतं रे. एकवीस वर्षं लाजेनं बोलला नाहीस, आणि मी मनात धरून बसले. म्हणून म्हटलं, साठावा वाढदिवस त्याच्याकडेच जाऊन करावा. फोन केला असता तर नको म्हणाला असतास."

मास्तरांना काही उलगडेना. प्रकाश पडला तो मास्तरीणबाईंच्या डोक्यात.

"वन्सं, तुमच्याकडे बोट लागते का हो?"

"नाही गं, मला कधीच नाही लागत."

"तुम्हाला नाही. तुमच्या बेटाला!"

"बेटाला? दिवसातून तीनदा लागते की!"

आधी सासूबाई हसत सुटल्या. मग मास्तरीणबाई, मग मास्तर. आक्का तर बाकावर बसून डोळे पुसू लागली. टपरीवाला चहा द्यायला आला आणि काही न कळताच हसून गेला. पण हसता हसता सगळ्यात आधी थांबली ती आक्काच.

"म्हणजे तुला बोट लागत नाही."

"नाही गं."

"कधीच नाही?"

"आजच तर पहिल्यांदा बसलो. छान वाटलं."

"मग एकवीस वर्षं का आला नाहीस?"

मास्तरांच्या तोंडचं हसू गेलं. एखादी थाप मारून वेळ निभावून नेणं त्यांच्या हातचा मळ होता, सगळी गल्ली साक्षीला होती. पण साठ वर्षांची बहीण समोर बसली होती आणि तिच्या मांडीवर त्यांच्यासाठी आणलेल्या गोळ्या होत्या.

"काही कारण नाही, आक्का," ते म्हणाले. "खरंच काही नाही. आज नको उद्या, उद्या नको परवा. तू काय, आहेसच. घर काय, कुठं जातंय. असं करता करता गेली वर्षं. चुकलं माझं."

गोळ्या पिशवीत टाकून आक्का उठली आणि धक्क्यावरून चालत तिकिटाच्या खिडकीकडे गेली. तिथं बराच वेळ तिचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मास्तरांना वाटलं, गेली आता ही कायमची. त्यांच्या हातातला चहा निवून गेला.

"जा की मागं," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या, "समजूत काढा."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

पण आक्काच परत आली. "माझ्या बेटाकडे जाणाऱ्या बोटीत रविवारपर्यंत सुटी जागा नाही," ती म्हणाली. "माझं तिकीट मागे फिरत नाही. तुमचंही नाही. माझी बोट चारला, तुमची साडेचारला. तोवर माझा वाढदिवस करायचा असेल तर करा."

टपरीवरचे सगळे पाव आणि बिस्किटं आली. सासूबाईंनी कप्पीची हकिगत अशी रंगवून सांगितली की मुकादमही खाली बसून ऐकू लागला. मास्तरांनी शिंपल्याच्या बटणांतलं सगळ्यात मोठं बटण निवडलं आणि दोऱ्यात ओवून बहिणीच्या पिशवीला टाचून दिलं. आक्का हसली, पण भावाशी थेट काही बोलली नाही. चारला बोट आली तेव्हा मात्र तिनं कमरेची किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"हे घे. जाऊन घर बघ. दार जरा उचलून ढकलावं लागतं. मागच्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो, तिथं बस थोडा वेळ."

"तुझ्याशिवाय तुझं घर काय बघू, आक्का?"

"एकवीस वर्षं मी तुझ्याशिवायच बघतेय," आक्का म्हणाली. "तुझी किल्ली दे. एक रात्र तुझ्या घरी राहते, परतीच्या पानावर सोमवारी पोचते. मी येईपर्यंत तिथून हललास तर बघ!"

मास्तरांनी मुकाट्यानं किल्ली दिली. तिची बोट लहान होईपर्यंत ते टोपी हलवत राहिले. मग साडेचारच्या बोटीत बसून, कुठलीही आखणी हातात न घेता, त्यांनी तीन पाव खाल्ले. पोट उत्तम होतं. वारा सुरेख होता. पण मन काही ठिकाणावर नव्हतं.

बेट आलं. धक्का नवा कोरा, आणि धक्क्यावर ही गर्दी! पंधरा-वीस माणसं उभी होती. एकाच्या हातात आरामखुर्ची, दुसऱ्याच्या हातात ओला टॉवेल, आणि सगळ्यांच्या पुढे दवाखान्याचा कंपाउंडर, दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन. फळी पडल्याबरोबर ते सगळे मास्तरांवर धावले.

"हळू, हळू! धरा त्यांना! मास्तर, बसा आधी. आक्कांचा फोन आला होता मधल्या धक्क्यावरून."

"काय... काय म्हणाली?"

"म्हणाल्या, माझ्या भावाला बोट इतकी लागते, इतकी लागते, की एकवीस वर्षं बिचाऱ्याला बोटीत पाय ठेवता आला नाही. आणि आज माझ्या साठाव्या वाढदिवसासाठी जिवावर उदार होऊन निघालाय. सांभाळून उतरवून घ्या."

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तिनं डोळ्यांना पदर लावला होता. "आम्ही मेलं उगाच तिला टोचून बोलायचो हो. म्हणायचो, कसला गं तुझा भाऊ, एकदा म्हणून तोंड दाखवत नाही! ती आपली गप्प बसायची."

मास्तरांनी त्या सगळ्या तोंडांकडे बघितलं. कुणाच्याही तोंडावर शंका नव्हती, नुसती माया होती. त्यांना लाल लाल गाल लपवायला जागा सापडेना. खिडकीपाशी बराच वेळ चाललेलं ते बोलणं काय होतं, ते त्यांना आता कळलं.

ते खुर्चीत बसले. कंपाउंडरच्या हातातली एक बादली त्यांनी मांडीवर ओढून घेतली, तिच्यात डोकं घातलं आणि खांदे हलवायला लागले. लोक हळहळले. सासूबाईंनी झोळीच्या खिशातलं शेवटचं पेपरमिंट काढून पुढे केलं.

मास्तरीणबाई मागून आल्या आणि नवऱ्याची पाठ चोळता चोळता त्याच्या कानाशी वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा आवाज काढा."